उमललेली तेवढीच फुलं

१४ जुलै, सोमवार

आज सकाळी केशरी वाफ्यातली उमललेली सगळी फुलं कोणीतरी नेली.

काल संध्याकाळी मी उद्या उमलतील अशा टपोऱ्या कळ्या मोजून ठेवल्या होत्या. डे-लिलीच्या सात, कर्दळीच्या चार. सकाळी सहाला पोचले तर एकही फूल नाही, नुसती ओली देठं. साडेतीन महिने मी त्या वाफ्याला जपलं. आज पहिल्यांदा तो केशरी दिसायचा होता आणि तो मला न दाखवताच कोणी घेऊन गेलं.

इतका राग आला की चौकीदार चंद्रभानला नीट विचारताही येईना. तो म्हणाला, "मॅडम, फुलंच त हायत. उद्या पुना येतीन."

उद्या येतील म्हणून आजची न्यायची का?

अमरावतीची ही बाग चालवणाऱ्या मंडळाने मला एप्रिलपासून सहा महिन्यांसाठी ठेवलं आहे, बागेची पर्यवेक्षक म्हणून. काम पटलं तर कायम करतील. आमच्या घरात शाळेची पायरी चढलेली मी पहिली. अकोल्याला उद्यानविद्या शिकले. ही बाग दर हंगामात झेंडूची रोपं आणते आणि दोन महिन्यांनी उपटून फेकते. मी म्हटलं, एकदाच लावू. वरचा पाला वाळला तरी खालचा कंद नाहीतर मूळ जिवंत राहील आणि दरवर्षी फुलेल अशी झाडं. कर्दळ, डे-लिली, अबोली, ठिपक्यांची लिली, सगळी केशरी. सचिव शुभंकर वकील म्हणाले, "बघू, फुलवून दाखवा."

कर्दळ आईची आहे. बाळापूरजवळ आमच्या गावी न्हाणीच्या सांडपाण्यावर ती वर्षानुवर्षं माजली आहे. केशरी पाकळी आणि तिला पिवळी कड. तशी मी अमरावतीत कुठे पाहिली नाही. कंद ओल्या फडक्यात बांधून बसमध्ये मांडीवर घेऊन आणले होते. मोरीची कर्दळ आहे हे मात्र मी मंडळात कोणाला सांगितलेलं नाही.

१५ जुलै

आजही तेच. पाच गेली.

१९ जुलै, शनिवार

रोज चोरी होते. आज नीट बसून विचार केला. रागाने काही हाती लागत नाही, निरीक्षण करायला हवं, असं आमचे सर सांगायचे.

एक: फूल नखाने खुडलेलं असतं, ओरबाडलेलं नसतं.

दोन: चोर फक्त पूर्ण उमललेलं फूल नेतो. कळीला हात लावत नाही. एका दांड्यावर आठ कळ्या असल्या तरी आठही शाबूत.

यावरून उघड आहे की त्याला उद्याही यायचं आहे. कळी ठेवली की उद्याचं फूल पक्कं. पोरंसोरं असं करत नाहीत, ती दांडाच मोडतात. हा माणूस फुलांचा धंदा जाणतो.

मोरोपंतकाकांना हे सांगितलं. मी त्यांच्या घरात वरच्या खोलीत राहते. ते निवृत्त मुख्याध्यापक, मंडळाचे जुने सभासद. अजून लोक त्यांना सत्यनारायणाला बोलावतात. नुकतेच फिरून, आंघोळ करून बसले होते. मन लावून ऐकलं आणि म्हणाले, "तर्क छान आहे तुझा. सार्वजनिक बागेत चोरी म्हणजे हद्द झाली." मला जरा धीर आला. कुंदाकाकू आतून घंटी वाजल्यावर प्रसादाची साखर घेऊन आल्या. देवघराकडे मी जात नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी गोड शब्दांत सांगितलं होतं, "तिथे सोवळं असतं हो." मला त्याचं काही वाटत नाही. म्हणजे वाटलं होतं, पण आता नाही.

२५ जुलै, शुक्रवार

आज श्रावण लागला. फाटकाबाहेर फुलं विकणाऱ्या मैनाबाईची टोपली दुप्पट मोठी झाली आहे. बेल, दूर्वा, झेंडू, गजरे. टोपलीवर ओलं गोणपाट. त्याखाली काय असतं ते दिसत नाही.

आज तिच्या हातात अबोलीचा गजरा पाहिला.

माझ्या वाफ्यात अबोली आहे.

ती पहाटे साडेचारला येते. बाग पाचला उघडते. फाटकाशी चंद्रभान आणि ती चहा पितात. आता सगळं जुळतं. तिने हाक मारली, "काहून वं पोरी, तोंड सुजलं? गजरा घे, तुले बोहनीचा भाव लावतो." मी तडक आत निघून गेले. काय हिंमत!

६ ऑगस्ट, बुधवार

तीन दिवस एकही फूल गेलं नाही. सोमवार, मंगळवार आणि आज. वाफा भडकलाय नुसता. लोक थांबून फोटो काढतात. एक आजोबा नातवाला म्हणाले, "पाय, आग लागल्यावानी दिसून राह्यलं."

आणि या तीन दिवसांत मैनाबाई नाही. लेकीकडे कौंडण्यपूरला गेली आहे, चंद्रभानने सांगितलं.

याहून वेगळा पुरावा काय हवा?

घरी मात्र काळजी आहे. मोरोपंतकाका रविवारपासून तापाने पडून आहेत, फिरणंही बंद. मी औषधं आणून दिली. कुंदाकाकू म्हणाल्या, "पहाटे बाहेर पडता आलं नाही की यांची नुसती चिडचिड होते."

८ ऑगस्ट, शुक्रवार

मैनाबाई परत आली. नऊ फुलं गेली. काकांनाही बरं वाटतंय, तेवढं एक चांगलं.

आज अर्ज लिहिला. चार वेळा फाडला. मला लिहिताना नेहमी भीती वाटते की माझी मराठी गावची दिसेल. शेवटी काकांना दाखवला. मी लिहिलं होतं, "फाटकाबाहेर फुले विकणाऱ्या मैनाबाई यांच्यावर मला संशय आहे." काकांनी ती ओळ खोडली आणि वर लिहिलं, "मैनाबाई या फुले चोरून विकत असल्याचे दिसून आले आहे."

मी म्हटलं, "काका, पण मी तिला प्रत्यक्ष घेताना पाहिलं नाही."

ते म्हणाले, "अर्जात वाटतं-बिटतं लिहू नये. अर्ज कच्चा पडतो. तू तीन दिवसांचा हिशेब जुळवलास ना? मग दिसून आलंच की."

मला ते खटकलं. मी इथे लिहून ठेवते की खटकलं. पण छत्तीस वर्षं मुलांना लिहायला शिकवलेला माणूस सांगतो, तेव्हा मी कोण? वरच्या खोलीत बसून स्वच्छ प्रत केली. सही केली.

१२ ऑगस्ट, मंगळवार

मैनाबाईला उठवलं.

शुभंकर वकील स्वतः आले होते. चंद्रभानने टोपली उचलून रस्त्यापलीकडे ठेवली. ती ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली नाही. विचारलं, "कोनं सांगतलं?" वकिलांनी माझा अर्ज वाचून दाखवला, माझ्या नावासकट. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "बाप्पा. शिकलेली पोरगी हाय, खोटं कशी लिहीन."

हे ती टोमण्याने म्हणाली की खरंच तसं वाटून, ते मला कळलं नाही. दिवसभर कळलं नाही.

१३ ऑगस्ट

सहा फुलं गेली.

चंद्रभानला विचारलं, ती येऊन गेली का. म्हणाला, "नाई." मग कोण येऊन गेलं? "फिरनारे लोकं येतेत मॅडम. मोठी मानसं. मी कोनाकोनाले पाहू?"

म्हणजे मैनाबाईने आता कोणाला तरी पाठवायला सुरुवात केली आहे. सूड म्हणून. मला तिची दया येत होती काल, मूर्ख मी.

२४ ऑगस्ट, रविवार

आईचा फोन. पोळा बरा झाला, बाबांनी यंदा बैलांच्या शिंगांना स्वतः रंग दिला. मी चोरीचं सगळं सांगितलं. सांगताना पुन्हा संताप आला.

आई म्हणाली, "कळ्या ठुते अन् फुलं नेते?"

"हो ना. धंदेवाईकच आहे कोणी."

"फुलवाली कळ्या काहून ठुवीन वं? गजऱ्याले कळ्याच लागतेत. उमललेलं फूल त दुपारीच मान टाकते."

मी म्हटलं, आई, तुला यातलं कळत नाही. मग लगेच वाईट वाटलं. कर्दळ तिचीच आहे आणि मी तिला सांगते की तुला कळत नाही. पण तेव्हा पाणी सोडायची वेळ झाली होती, फोन ठेवला.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

मंडळाचा गणपती बागेतच बसला आहे. वकील म्हणाले की चौदसला, सहा तारखेला, सकाळी आठच्या शेवटच्या आरतीला सगळे सभासद येतील, तेव्हाच वाफा बघून माझं ठरवून टाकू. "उगाच तीस तारखेपर्यंत कशाला लांबवायचं? फुलं पाहिजेत पण त्या दिवशी. नुसता पाला नको."

पाला. ठीक आहे.

१ सप्टेंबर, सोमवार

आजच लिहायचं.

आज महालक्ष्म्यांचं जेवण. सकाळी वाफ्यातून एकतीस फुलं गेली. एकतीस. आजवर इतकी कधी गेली नव्हती. मी वाफ्याच्या कडेला बसून रडले, रागाने. दुपारी कुंदाकाकूंनी खाली जेवायला बोलावलं. महालक्ष्म्या बैठकीच्या खोलीत मांडल्या होत्या म्हणून मलाही दर्शन घेता आलं.

दोघींच्या पायाशी परातभर केशरी फुलं. ठिपक्यांची लिली. डे-लिली. आणि आईची कर्दळ, पिवळ्या कडेची.

मी उभी राहून मोजली. सत्तावीस. मग कोपऱ्यात गणपती दिसला. त्याच्यापुढे चार.

कुंदाकाकूंना विचारलं, फुलं कुठली. किती सहज म्हणाल्या. "अगं, तुझ्याच बागेतली. हे रोज आणतात ना पहाटे. तुलाही पुण्य हो त्याचं."

मी काकांकडे पाहिलं. ते सोवळं नेसून पाटावर बसले होते. माझा चेहरा बघून त्यांना काहीतरी कळलं असावं, कारण त्यांनी वर्गात समजावतात तसं समजावलं. "पौर्णिमा, देवाला नेलेल्या फुलाला चोरी म्हणत नाहीत. लोक विकायला नेतात ती चोरी. आणि मी कळीला कधी हात लावत नाही. कळी देवाला वाहायची नसते."

कळी देवाला वाहायची नसते. हे मला माहीत होतं. लहानपणापासून माहीत होतं. आमच्याही देव्हाऱ्यात कोणी कळी वाहत नाही. मी मात्र निरीक्षण करत बसले.

मी म्हटलं, "काका, त्या बाईला उठवलं."

"ती विकतेच ना फुलं?"

"तिनं बागेतली नेली नव्हती."

"कशावरून?" त्यांनी खरोखर विचारलं. त्यांना खरोखर दिसत नव्हतं. सहा आठवडे मी चोराचा उल्लेख करत होते आणि त्यांना एकदाही वाटलं नाही की मी त्यांच्याबद्दल बोलतेय. मला वाटलं होतं की चोर सापडला तर तो खाली मान घालेल. याची मानच खाली जात नव्हती.

मग वाढायला घेतलं आणि मला पानावर बसवलं. मी बसले. महालक्ष्म्यांच्या पानावरून उठू नये, पानात टाकू नये, म्हणून सगळं जेवले. पुरणपोळी, सोळा भाज्या, कढी. आंबील घेतेस का विचारलं तर हो म्हटलं. हे मी स्वतःला माफ करणार नाही. आंबील मागून घेतली मी.

२ सप्टेंबर, मंगळवार

झोपेत सतत एकच ओळ. दिसून आले आहे. काकांनी सुचवली, पण अक्षर माझं आणि सही माझी. काकांना ती ओळ खोटी वाटलीच नव्हती. मला वाटली होती, इथे आठ तारखेला लिहिलंय की खटकलं. म्हणजे दोघांत जास्त दोषी कोण?

दुसरा अर्ज लिहिला. कोणाला दाखवला नाही. "माझा दिनांक ८ ऑगस्टचा अर्ज चुकीचा होता, तो मी मागे घेत आहे. मैनाबाई यांना मी फुले तोडताना कधीही पाहिले नाही. फुले श्री. मोरोपंत हे नेत असल्याचे त्यांनी स्वतः मला सांगितले आहे. मैनाबाई यांना त्यांची जागा परत द्यावी."

वकिलांनी दोनदा वाचला. "मोरोपंतांचं नाव कशाला? काढा ते. आणि जागेचा विषय संपला आता. सहा तारखेला तुमचं ठरायचंय, विसरलात का?"

मी म्हटलं, "पोच द्या."

"म्हणजे?"

"अर्ज मिळाल्याची सही. माझ्या प्रतीवर."

त्यांनी सही केली, पण पेन टेबलावर असं ठेवलं, जणू माझ्यावरच फेकलं. बाहेर चंद्रभान होता. त्याला माहीत होतं, पहिल्या दिवसापासून. मी नुसतं बघितलं त्याच्याकडे. म्हणाला, "काकांले कोन इचारन, मॅडम? तुमी इचारलं असतं का?"

३ सप्टेंबर, बुधवार

मैनाबाई बसस्थानकाच्या कडेला, उन्हात बसली होती. टोपलीत निम्मा माल सुकलेला.

मी सगळं सांगितलं. ती गजरा ओवत राहिली. अबोलीचा.

"ही अबोली कुठली?" मी विचारलं. आता विचारलं.

"माह्या दारची. माह्या सासूनं लावलेली. तुह्या जलमाच्या आंधीची." मग सुई थांबवली. "तू रोज माह्यापुढून जात व्हती. एकडाव इचारलं असतं, मैनाबाई, गोनपाटाखाली काय हाय? म्या उचलून दाखोलं असतं. इचाराले काय लागते वं? त्याले काही शाळा लागते?"

मी म्हटलं, "चुकलं माझं."

"चुकलं त चुकलं. एकवीस वर्सं बसली मी त्या फाटकाशी. मले कोनी चोट्टी म्हनलं नव्हतं." सुई पुन्हा चालू झाली. "आता लोकं इथंबी म्हनतेत, बाई तिथून काहून आली? काय सांगू? बागेतल्या मॅडमले कळ्या मोजता येतेत म्हनून?"

मी म्हटलं, चौदसला फाटकाशी येऊन बसा, मी उभी राहते, कोणी उठवणार नाही.

ती हसली. चांगलं हसणं नव्हतं ते. "तू उभी राहशीन?"

४ सप्टेंबर

कुंदाकाकूंनी महिनाअखेर खोली रिकामी करायला सांगितली. आवाज चढवला नाही. "यांना फार लागलं गं. एवढं मुलीसारखं ठेवलं." काका दारातून जाताना माझ्याशी बोलले नाहीत. पहाटे फिरायला मात्र गेले. वाफ्यातून आठ फुलं.

आईला फोन केला. तिला वाटलं मी रडेन. मी ओरडले. सगळ्यांवर ओरडले, मग तिच्यावर. ती ऐकून घेऊन म्हणाली, "झालं? आता जेव."

६ सप्टेंबर, शनिवार, चौदस

पहाटे साडेचारला फाटकाशी गेले. वाफा काल संध्याकाळी पाहून ठेवला होता. आज भरपूर उमलणार होतं. आठपर्यंत टिकलं तर नोकरी, असं सरळ होतं.

मैनाबाई पावणेपाचला आली. टोपली जुन्या जागी ठेवली, गोणपाट सारखं केलं. मला म्हणाली, "चौदसले गिराईक असते म्हनून आली. तुह्यासाठी नाई."

चंद्रभान आला. "मॅडम, आर्डर हाय. हिले उठवा लागन."

"कोणत्या अर्जावर निघाली आर्डर?"

"तुमच्याच."

"तो मी परत घेतला. ही पोच." त्याने पोच हातात घेतली, उलटी-सुलटी पाहिली, परत दिली. "वकिलसायब येऊ द्या आठले. मंग पाहू. पन तुमी इथून हालल्या त मी उठवीन. माह्यी बी नोकरी हाय."

मी म्हटलं, "नाई हालत."

पाच वाजता बाग उघडली. पाच-दहा मिनिटांनी मोरोपंतकाका आले, काठी आणि कापडी पिशवी घेऊन. मला पाहून थबकले. मग मैनाबाईला पाहिलं. ती म्हणाली, "काका, फुलं घ्या ना. सोताच्या हातानं तोडली, धुतलेली हायत."

"बाजारची फुलं देवाला चालत नाहीत," ते शांतपणे म्हणाले आणि आत गेले.

फाटकापासून वाफा साठ पावलं आहे. मला त्यांची पाठ दिसत होती, आणि वाफ्याकडे वळताना काठी बगलेत धरलेली. मला ओरडता आलं असतं. पळत जाता आलं असतं. मी चंद्रभानकडे पाहिलं. तो टोपलीच्या कडेशीच उभा होता, हात मोकळे ठेवून.

मैनाबाई म्हणाली, "पाय, तोडून राह्यला."

"दिसून राह्यलं."

"जाय ना मंग. तुह्यी फुलं हायत."

"नाई जात."

"आठले लोकं येतीन. त्याईले काय दाखोशीन?"

तोंड उघडलं असतं तर शिवीच निघाली असती, आणि ती कोणाला निघाली असती ते मलाही माहीत नव्हतं. काका परत आले तेव्हा पिशवी फुगली होती. पिशवीच्या तोंडातून कर्दळ बाहेर आली होती, पिवळी कड दिसत होती. त्यांनी जाताना मला सांगितलं, "कळ्या ठेवल्या आहेत." समजूत घालावी तसं.

मैनाबाई ते दिसेनासे होईपर्यंत बघत राहिली. मग तिने पाणी शिंपडलं, झेंडू वर काढून मांडले. एक बाई गाडीवरून उतरत होती, हारासाठी. ती टोपलीकडे यायच्या ऐवजी माझ्याकडे बघून घुटमळली.

मैनाबाईने माझ्या पायाला कोपराने ढोसलं. "तिकडं सरक जराशी. पोलिसावानी उभी राह्यली. गिराईक भेते."

मी चार पावलं मागे सरकले. तिथूनही टोपली दिसत होती. तिथेच उभी राहिले, आठ वाजेपर्यंत, आणि आठनंतरही.